आमची वाटचाल : अंतरपाटापासून सुताच्या गुंडीपर्यंत

धाकट्या नणंदेच्या लग्नात ऐन वेळी अंतरपाट सापडेना. सासूबाई म्हणाल्या, "तुझं मशीन आहे ना, कर काहीतरी." घरात मांजरपाट होता. चारी कडा दुमडून टीप मारली, मधोमध कुंकवाने स्वस्तिक काढलं. कुंकू जरा पातळ झालं होतं, स्वस्तिकाचा एक हात ओघळला. तरी लग्न लागलं आणि जेवणाच्या पंगतीतच दोन बायकांनी "आमच्याकडेही करून द्याल का?" विचारलं. साल २०१३. धंद्याची सुरुवात ही एवढीच.

पहिली दोन वर्षं जेवणाचं टेबल हेच दुकान. मुंडावळ्यांचे मोती तुळशीबागेतून आणायचे, रात्री मुलं झोपली की ओवायचे.

मग हौस नडली. फोटोत छान दिसावा म्हणून एका नवरीने नेटचा अंतरपाट मागितला. मी जरीची वेल काढली, १,८०० रुपये लावले. मंगलाष्टकं सुरू झाली आणि नवरानवरी पलीकडून एकमेकांकडे बघून खुदुखुदू हसायला लागले. नवरीची आजी पुढच्याच खुर्चीवर. "अगं, आरपार दिसतंय की! मग पाट कसला?" शेवटी गुरुजींनी स्वतःचं उपरणं त्यावर टाकलं. मी पैसे परत केले. तेव्हापासून कुठलंही कापड आधी खिडकीसमोर धरून बघते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये सरकारी नियम आला, लग्नाला २५ माणसं आणि दोन तास. ऑर्डरी गळाल्या. त्यावर फार लिहीत नाही.

हल्ली मुलंमुली मोबाइलवर परदेशी लग्नं बघून येतात. दोन रंगांची वाळू एका बरणीत ओतायची, म्हणजे दोघं एक झाली. एकदा मीही तसा संच करून दिला. मे महिना, उघडं लॉन, संध्याकाळचा वारा. निम्मी वाळू शालूवर, उरलेली गुरुजींच्या ताम्हनात. मला बाहेरच्या विधींचं वावडं नाही, पण याच मुलांना सूत्रवेष्टन ठाऊक नसतं याचं नवल वाटतं. दोघांभोवती मिळून सूत गुंडाळतात, ते उतरवून त्यात हळकुंड बांधतात आणि तेच कंकण म्हणून एकमेकांच्या मनगटावर येतं. आता वाळू मागायला आलेल्यांच्या हातात मी आधी सुताची गुंडी ठेवते. दहातले सहा-सात तीच घेऊन जातात.

सप्तपदीसाठी आमची एक कापडी पट्टी आहे. तांदळाच्या सात राशींसाठी सात वर्तुळं, खाली शब्द : अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू, सख्य. एक नवरी म्हणाली, "काकू, पाचवं गाळा." म्हटलं, बाई गं, पावलं सातच हवीत. १९५५ चा हिंदू विवाह कायदासुद्धा, जिथे सप्तपदीची रूढी आहे तिथे, सातव्या पावलालाच लग्न पूर्ण झालं असं धरतो. मग पाचवं वर्तुळ ठेवलं, खालचा शब्द काढला. ती खूश, गुरुजींच्या लक्षातही आलं नाही.

सध्या सगळ्यात जास्त मागणी आहे दोन घरांच्या अंतरपाटाला. दोन्हीकडच्या आज्यांच्या जुन्या लुगड्यांचा करायचा, शिवण बरोबर मध्ये. पहिल्याच ऑर्डरीला एका गुरुजींनी हरकत घेतली, नेसलेलं वस्त्र चालणार नाही. तासभर फोनवर वाद झाला. शेवटी मधलं कापड कोरं पांढरं आणि लुगड्यांचे फक्त काठ दोन बाजूंना, असं ठरलं. दिसायलाही तेच बरं दिसतं, हे मला नंतर कबूल करावं लागलं.

आता मशीनवर दोघी मदतनीस आहेत. या आठवड्यातल्या अंतरपाटाला एका बाजूचा हिरवा इरकली काठ लावून झालाय. दुसरं लुगडं नागपूरहून यायचंय, आणि मुहूर्त सोमवारचा आहे.