मागचा खिसा

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवण लिहा, असा निरोप आला. गणिताच्या सरांच्या छडीवर आणि गॅदरिंगच्या गोंधळावर बाकीचे लिहितीलच. मी शिवणाच्या बाईंवर लिहितो. १९८८च्या बॅचमधला एखादा म्हणेल, मुलांना शिवण कुठं होतं? नव्हतंच. मुलींना शिवण आणि आम्हाला बागकाम. त्याच बागकामाचा तास बुडवून, १९८५च्या पावसाळ्यात, आठवीत असताना मी शिवणवर्गामागच्या भिंतीवरून उडी मारली आणि थेट बाईंच्या पुढ्यात पडलो. हेडसरांकडे नेतील म्हणून रडवेला झालो, तर बाई म्हणाल्या, "रविवारी आठला घरी ये. दाढीचं ब्लेड घेऊन ये. जुनं चालेल."

बाईंच्या घरी पायमशीनशेजारी पॅंटचा ढीग पडला होता. सगळ्या मोठ्या माणसांच्या. "मागचे खिसे उसव. कापडाला चिरा गेला तर तुझी पॅंट देईन त्याला." त्याला म्हणजे कोणाला, हे विचारायची माझी छाती झाली नाही. चार रविवार मी नुसते खिसे उसवले. गल्लीतली पोरं मला 'शिंप्या' म्हणायला लागली.

पाचव्या रविवारी बाई मला बरोबर घेऊन गेल्या, खडकीच्याच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये. पाठीच्या कण्याला मार बसून कमरेखालचं अंग गेलेल्या जवानांसाठी हे केंद्र १९७४ साली सुरू झालं. जखमी शिपाई आणि खडकी यांचं नातं तसं त्याहून जुनं, पण आम्हाला खडकीत राहून माहीत काय, तर दारूगोळा कारखान्याचा भोंगा. शाळेच्या मुली वर्षातून एकदा राख्या घेऊन तिथं जात. अशाच एका राखीपौर्णिमेला मुलींबरोबर गेलेल्या बाईंना एक जवान पालथा झोपलेला दिसला. मागच्या खिशाच्या जाड शिवणीनं त्याला बेडसोर झाला होता. पुढच्या रविवारी बाई टेप घेऊन एकट्याच गेल्या. त्यांच्या घरात फौजेत कोणी नव्हतं. यजमान कारखान्यात होते.

तिथं मला नाना भेटले. साताऱ्याकडचे, फौजेत नाईक होते. नाना हे आम्ही ठेवलेलं नाव, खरं लिहीत नाही. बोलता बोलता ते व्हीलचेअरच्या हातांवर जोर देऊन अख्खं अंग वर उचलायचे, थोडा वेळ तसेच धरायचे आणि पुन्हा बसायचे. मला वाटलं, उठायचा प्रयत्न करतायत. मी धरायला धावलो तर हसले. "अरे, तू बाकावर बसल्या बसल्या चुळबुळ करतोस ना? आम्हाला ती आठवणीनं करावी लागते." खाली काही टोचतंय, दाबतंय, हे त्यांना कळतच नसे. रक्त दबून कातडी मरते, जखम होते, चिघळते, आणि माणसाला पत्ता नसतो. म्हणून पॅंटला मागचा खिसा नको, बटण नको, जाड दुमड नको.

मी अर्थातच विचारलं, गोळी कुठं लागली? नाना म्हणाले, "आंब्याच्या झाडावरून पडलो. सुट्टीवर गेलो होतो." मला फसवल्यासारखं वाटलं. हळूहळू कळलं, तिथं कितीतरी जण असेच: कोणाचा ट्रक दरीत गेला, कोणी पोहायला सूर मारला तो उथळ पाण्यात. नानांचे आईवडील आधीच गेले होते. बायको माहेरी गेली ती परतली नाही. भावांनी जमीन नावावर करून घेतली आणि पत्रं बंद झाली. हे मला नानांनी नव्हे, बाईंनी सांगितलं, तेही मशीन चालवता चालवता, एका वाक्यात.

बाईंचं सगळं लक्ष मापात. उभ्या माणसाचं माप बसलेल्या माणसाला चालत नाही, हे त्या आम्हाला चिडून सांगायच्या, जणू जगातल्या सगळ्या शिंप्यांनी मुद्दाम ही चूक केली आहे. बसल्यावर पॅंट पुढून पोटावर गोळा होते आणि मागून कंबर उघडी पडते. म्हणून पुढची बाजू कमी घ्यायची, मागची चढती ठेवायची. गुडघा दुमडला की पाय आखूड होतो, म्हणून लांबी वाढवायची. आणि काढलेला खिसा टाकायचा नाही, तोच मांडीवर लावायचा, हात पोचेल असा.

दिवाळीत ज्यांना घरं होती ते घरी जात किंवा घरचे भेटायला येत. भाऊबीजेला बाई ताट घेऊन उरलेल्यांकडे जायच्या. गढवाली, मराठा, तमिळ, सगळ्यांना ओवाळायच्या आणि ओवाळणी ताटात पडेपर्यंत हलायच्या नाहीत. एकदा एका नव्या पोराकडं पैसे नव्हते. बाई म्हणाल्या, "उधार सही. लेकिन अगले महीने दोगे." पुढच्या महिन्यात वसूल केले.

आता माझी चूक. १९८६च्या पावसाळ्यात, मॅच बघायची घाई म्हणून, मी नानांच्या एका पॅंटचा खिसा उसवला पण खालची दुहेरी शिवण तशीच ठेवली. बाईंनी त्या दिवशी माझ्यावर विसंबून ती तपासली नाही. दोन आठवड्यांनी गेलो तर नाना चाकांच्या ट्रॉलीवर पालथे. व्हीलचेअरच्या शर्यतीची तयारी करत होते, ती बुडाली. जखम भरायला अडीच महिने लागले.

बाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त, ती भरेपर्यंत दर रविवारी नानांच्या उशाशी बसून पेपर वाचायचा, एवढंच सांगितलं. पहिल्या रविवारी माझा आवाजच फुटेना. नाना पालथ्यानंच म्हणाले, "खेळाचं पान आधी वाच."

त्याच दिवसांत त्यांनी मला मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगितली. सांगलीकडचा गडी, १९६५च्या लढाईत गोळ्या लागल्या, कमरेखाली अधू झाला, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला. मी घरी येऊन सांगितलं तर कोणी विश्वास ठेवला नाही. खरं सांगायचं तर माझाही नव्हता. नाना झाडावरून पडलेत, मग लढाईतलं काहीतरी रचून सांगतायत, असं वाटलं. २०१८ साली पेटकरांना पद्मश्री मिळाल्याची बातमी वाचली तेव्हा मी ऑफिसात होतो. नाना तेव्हा नव्हते, बाईही नव्हत्या. कोणाची माफी मागणार?

जखम भरल्यावर बाईंनी मला प्रथमच मशीनवर बसवलं. नानांच्या नव्या पॅंटला मांडीवरचा खिसा लावायचा होता. पायाची लय आणि हाताची लय काही केल्या जुळेना. खिसा तिरका बसला. उसवून पुन्हा लावतो म्हटलं, तर बाईंनी आतून बोट फिरवून पाहिलं. "कुठं टोचत नाही. राहू दे."

१९८८च्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. चौपन्न टक्के. घरात तोंड लपवायची वेळ आली होती, पण नानांना सांगायला गेलो. त्यांनी पेढा हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं मांडीवरच्या खिशात चाचपू लागले. खिसा तिरका, त्यामुळे नाणी सगळी एका कोपऱ्यात जाऊन बसलेली. बराच वेळ लागला. दहाची नोट आणि वर एक रुपया काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "तुझ्या या खिशातून चोरालासुद्धा काही काढता यायचं नाही."