दौलताबाद घाट: शर्यतीआधीचा सायकल सराव

स्टँडर्ड अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये १.५ किलोमीटर पोहल्यावर ४० किलोमीटर सायकल आणि शेवटी १० किलोमीटर धावणे असते, त्यामुळे सायकलवर पायांची किती ताकद खर्च करायची हे रस्ता पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. आमचा मार्ग छत्रपती संभाजीनगरच्या बाजूने दौलताबादचा किल्ला ओलांडून, घाट चढून खुलताबादकडे आणि त्याच वाटेने परत असा आहे. किल्ल्यापर्यंतच्या रस्त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. गावांजवळचे गतिरोधक तेवढे पाठ करून ठेवावेत, कारण एअरो बारवर (वारा कमी लागावा म्हणून हँडलवर पुढे बसवलेल्या, कोपरे टेकवायच्या दांड्यांवर) झुकलेले असताना ते फार उशिरा दिसतात.

किल्ल्यापुढे रस्त्यावरच असलेल्या जुन्या दरवाजातून पलीकडे गेले की लगेच चढ लागतो. दरवाजा अरुंद असल्याने समोरून वाहन आले की थांबावेच लागते आणि लय तुटते, म्हणून हलका गिअर मी अलीकडेच टाकून ठेवतो. पेडलवर पूर्ण जोर असताना गिअर बदलला तर साखळी कुरकुरते आणि कधीकधी उतरतेही. पुढे ३४ आणि मागे ३२ दात्यांची जोडी मला पुरते. पाणी पायथ्याशीच पिऊन घ्यावे.

चढाची तयारी सगळेच करतात, पण माझ्या मते या मार्गाचा निकाल परतीच्या उतारावर लागतो. परतताना तोंड साधारण आग्नेयेकडे असते, सकाळचे ऊन थेट डोळ्यांवर येते आणि वेग सर्वाधिक असतानाच समोर दरवाजाची कमान येते. उन्हाला सरावलेल्या डोळ्यांना कमानीखालचा रस्ता क्षणभर नुसता काळा दिसतो. तिथे खडी आहे की खड्डा, हे आत शिरल्यावरच कळते. त्यासाठी रस्त्याकडेच्या एका कडुलिंबाची खूण धरून, तिथे एअरो बार सोडून हात ब्रेकवर आणायचे आणि वेग वळणात नव्हे तर वळणाआधी कमी करायचा, असा क्रम मी बसवला आहे. गडद काचांचा चष्माही बदलून फिकट काचांचा घेतला.

हे सारे शर्यतीच्या वेळीच, म्हणजे सकाळीच, अनुभवायला हवे. दुपारी मोटारीने जाऊन पाहिलेला घाट वेगळाच वाटतो. शनिवार मात्र टाळावा, कारण खुलताबादच्या भद्रा मारुतीच्या दर्शनाला जाणाऱ्यांची वर्दळ असते आणि श्रावणात तर पायी जाणाऱ्यांनी रस्ता भरून जातो. सीताफळांच्या हंगामात कडेच्या टोपल्या दिसताच मोटारी इशारा न देता थांबतात. पावसानंतर ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर येते, आणि ओली असताना तिच्यावर टायर सरळ घसरतो.

आमच्या शर्यतीत ड्राफ्टिंगला, म्हणजे पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवत सायकल चालवायला, परवानगी नाही आणि पुढच्या सायकलपासून १० मीटर अंतर राखावे लागते, पण दरवाजापाशी सगळे एकमेकांजवळ येणारच. तेव्हा अंतर वाढवायचे ते उतार संपण्याआधीच. उतारावर पेडल न मारल्याने पाय आखडतात, म्हणून पुढच्या रविवारी किल्ल्यापासून परतीचा सपाट रस्ता हलक्या गिअरमध्ये कापून, सायकल ठेवताच ३ किलोमीटर धावून पाहणार आहे.