उमेची फांदी: ओल किती, हाच सगळा प्रश्न

सोमवार

जलरंगात जपानी धाटणीची फुललेली फांदी काढायची म्हटलं की हात आधी साकुराकडे, म्हणजे चेरीच्या फुलांकडे जातो. मोजक्या फटकाऱ्यांत चित्र बसवायचं असेल, तर मात्र उमे, म्हणजे जपानी प्लम घ्यावी. साकुराची फुलं लांब देठांवर झुबक्यांनी येतात आणि पाकळीच्या टोकाला खाच असते. ती गर्दी काढायला गेलं की कोरा कागद उरतच नाही. उमेचं फूल जवळजवळ बिनदेठाचं, थेट लाकडाला लागून फुलतं. पाच गोल पाकळ्या, खाच नाही, पानं नंतर. जपानात बहुतेक ठिकाणी ती फेब्रुवारी-मार्चच्या थंडीत फुलते. फांदी ताठ आणि कोनात वळणारी हवी. गोलाईत वळवली की तिची वेल होते.

जपानी चित्रकार ओगाता कोरिन यांचा तांबड्या-पांढऱ्या उमेच्या चित्राचा घडीचा पडदा १८व्या शतकाच्या सुरुवातीचा. आतामीच्या एमओए संग्रहालयात आहे. त्यातली खोडं नीट पाहावीत. एक रंग ओला असतानाच त्यात दुसरा सोडून आलेले डाग सालीचं आणि शेवाळाचं काम करतात. ही ताराशिकोमी. सगळं चित्र या एका गोष्टीवर उभं राहतं.

मंगळवार

ताराशिकोमीसाठी रंग कागदाच्या वर काही वेळ तरंगला पाहिजे. म्हणून जपानी चित्रकार कागदाला किंवा रेशमाला सरस आणि तुरटीचं पाणी लावून घेतात. त्याला दोसा म्हणतात. आपल्याकडे ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), शंभर टक्के सुती, कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत) कागद चालतो. ११ × १५ इंचांचा पाव ताव पुरे, कारण उमेचं फूल मुळात दोन-अडीच सेंटिमीटरचं असतं आणि या मापात ते खऱ्याएवढं काढता येतं.

कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत कागद उघडा राहिला तर त्यातला सरस मरतो. मग रंग टीपकागदासारखा आत शोषला जातो आणि बारीक गडद ठिपके उमटतात. सुरू करण्याआधी कडेला एक पट्टा ओढून बघावा. ठिपके आले तर तो कागद सरावाला ठेवावा.

लाकडासाठी बर्न्ट अंबर (तपकिरी) दोन भाग, अल्ट्रामरीन (निळा) एक भाग. ट्यूबमधला काळा नको, तो मेल्यासारखा दिसतो. फुलांना क्विनॅक्रिडोन रोझ. जुन्या घडणीचा अ‍ॅलिझरिन क्रिमसन उजेडात फिका पडतो, म्हणून टाळावा.

बुधवार

आज फक्त फांदी.

कागद उभा. फांदी डाव्या कडेतून, खालून एक तृतीयांश उंचीवर आत येते आणि उजव्या वरच्या बाजूला जाते, पण कडेला टेकत नाही. दोन तृतीयांश कागद कोरा. ८ नंबरचा गोल ब्रश आडवा धरून ओढावा, पेरापाशी थांबावं, दिशा बदलावी. जिथे फूल पुढे येणार तिथे फांदी तोडून जागा सोडावी. गडद लाकडावर पारदर्शक गुलाबी चढत नाही.

आता खरा क्षण. बोर्ड सपाट ठेवून कागद तिरक्या नजरेने बघावा. साचलेलं पाणी जिरलंय पण चकाकी आहे, तेवढ्यात दाट रंग टेकवावा: कुठे गडद तपकिरी, कुठे थोडा हिरवट. ब्रशमधली ओल कागदावरच्या ओलीपेक्षा कमीच हवी. ती जास्त झाली तर नवं पाणी आधीच्या रंगाला ढकलतं आणि फुलकोबीसारखी कड उमटते. चकाकी गेली की हात आवरावा. कोरड्या हिवाळ्यात बारीक डहाळीला मिनिटभरही मिळत नाही, पावसाळ्यात तीच बराच वेळ ओली राहते. पंखा बंदच ठेवावा. त्याने कडा आधी वाळतात.

‘जपानी पद्धत’ म्हटल्यावर आपल्याकडे अनेकांना बंगालचा वॉश, म्हणजे पातळ रंग धुऊन पसरवण्याची पद्धत आठवते. जपानी चित्रकार योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो १९०३ मध्ये कलकत्त्याला आले, त्यांच्याकडून चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांनी तो घेतला. तो सगळा कागद धुक्यात नेतो. इथे कागद कोराच राहायला हवा.

गुरुवार

फुलांना बाह्यरेषा नाही. ब्रशमध्ये फिका गुलाबी भरून टोक दाट रंगात बुडवावं, पोट दाबावं, उचलावं: एक पाकळी. दोन पाकळ्यांमध्ये केसाएवढी कोरडी फट, नाहीतर पाचही मिळून डाग होतो. पूर्ण उमललेली पाच, त्यातली समोर बघणारी दोनच. बाकी कुशीवर किंवा पाठमोरी. पाच-सहा कळ्या, बहुतेक टोकाकडे. कळीखाली तांबूस तपकिरी निदलपुंज (कळीला धरून ठेवणारी छोटी वाटी) हवाच. तो नसला तर कळ्या फांदीला चिकटवलेल्या मण्यांसारख्या दिसतात.

पुंकेसर सगळं खडखडीत वाळल्यावरच. १ नंबरचा रिगर (लांब केसांचा बारीक ब्रश), केसरांची लांबी असमान, टोकाला पिवळ्या गुआशचे (अपारदर्शक जलरंगाचे) ठिपके. पारदर्शक पिवळा गुलाबीवर नारिंगी होतो.

इथे कोरी जागा खुपायला लागते आणि चंद्र, पक्षी, उडवलेले शिंतोडे सुचतात. बहुतेक वेळा दोष कोऱ्या जागेचा नसतो. शेवटची डहाळी थेट कोपऱ्याकडे बोट दाखवत असते, म्हणून नजर बाहेर निसटते. क्विनॅक्रिडोन पुसून निघत नाही, पण टोकाशी आत वळलेली एक कळी वाढवता येते. तेवढ्याने नजर परत फिरते. उसनी जपानी अक्षरं असलेला लाल शिक्का मला पटत नाही. पेन्सिलीने देवनागरीत छोटी सही करावी, फांदी जिथून आत येते त्याच्या खाली.