दाभणाचे टाके

अरेझ्झोहून बसने चित्ता दी कास्तेल्लोला उतरलो, तेव्हा उन्हं चांगलीच वर आली होती. टायबरच्या खोऱ्यातलं हे तटबंदीचं गाव. इटालियन चित्रकार अल्बेर्तो बुर्री १९१५ साली इथेच जन्मला, आणि मी आलो होतो ते त्याची पोती बघायला.

हो, पोतीच. पलाझ्झो अल्बिझ्झिनी या जुन्या वाड्यात १९८१पासून त्याची चित्रं आहेत. फाटकं गोणपाट, त्यावर ठिगळं, भोकांतून डोकावणारा लाल नाहीतर काळा रंग. बुर्री मुळात डॉक्टर. इटालियन सैन्यात असताना १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडला गेला आणि टेक्ससमधल्या हिअरफर्डच्या युद्धकैद्यांच्या छावणीत जाऊन पडला. तिथे हातात ब्रश घेतला. १९४६ मध्ये परतला तो डॉक्टरकी सोडूनच, आणि रोम गाठलं. १९५९ मध्ये रोमच्या सरकारी संग्रहालयात त्याचं एक मोठं पोतं टांगलं, तर थेट संसदेत प्रश्न विचारला गेला!

डॉक्टर होता म्हणून पोत्यात जखमा आणि टाके, असं जो तो लिहितो. मला काही ते पटलं नाही. आमच्या आजोबांचं धान्याचं दुकान होतं, त्यामुळे गोणीची शिवण मला ओळखता येते. नाक लावून बघितलं: टाके लांब, तिरके, एक घट्ट तर दुसरा सैल, शेवटी सुतळीचं टोक तसंच लोंबतंय. हे दाभणाचं काम, हमालाच्या हातचं. बुर्री स्वतः चित्रांबद्दल फारसं बोलायचाच नाही, ते बरंच म्हणायचं.

दुपारी गावाबाहेरच्या तंबाखू वाळवायच्या शेडमध्ये गेलो. बाहेरून सगळ्या काळ्याकुट्ट रंगवलेल्या. १९६६च्या पुरात फ्लॉरेन्सची भिजलेली पुस्तकं इथे आणली होती. आता आत बुर्रीची अवाढव्य चित्रं. प्लास्टिक, लाकूड जाळूनही त्याने चित्रं केली. पण या शेडमध्ये सेलोटेक्सचे, म्हणजे भुसा दाबून केलेल्या पाट्यांचे, भिंतभर तुकडे. खरं सांगायचं तर तासाभराने मी कंटाळलो. पोत्यांची सर त्यांना नाही.

रात्री बाबांना फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "सुतळी एकपदरी होती की दुपदरी?"

तेवढं मात्र मी बघितलं नव्हतं. सकाळी बस चुकवून परत वाड्यात गेलो. दुपदरी.