हंगामाच्या सणाची ड्युटी

बाहेरच्यांना वाटतं, ख्रिस्ती माणसांचा मोठा सण म्हणजे नाताळ. असेल. पण आमच्या पुण्याच्या पेठेतल्या चर्चच्या मंडळीत खरी धांदल उडायची ती हंगामाच्या सणाला. नाताळात जो तो आपापल्या घरी, पाहुण्यांच्या गराड्यात. हंगामाच्या सणाला मात्र घराला कुलूप आणि अख्खं कुटुंब देवळात, म्हणजे चर्चमध्ये, कामाला.

दिवाळीच्या आगेमागे एक रविवार ठरायचा. सुगीच्या पिकातलं काहीतरी त्या दिवशी देवाला वाहायचं आणि मग त्याचा लिलाव करायचा. आता, पेठेत राहणाऱ्यांची कसली आलीय सुगी? पण आमच्यातली कितीतरी घरं मूळची नगर, जालन्याकडची. कुणाचा चुलता बाजरीचं पोतं पाठवायचा, कुणी भुईमुगाच्या शेंगा. ज्यांचं गावच सुटलं होतं, ते शनिवारी मंडईतून भोपळा नि ऊस आणायचे. वेदीपुढे सगळं एकत्र मांडलं की गावचं कुठलं आणि मंडईतलं कुठलं, कुणी विचारत नसे.

त्याआधी सेक्रेटरीकाका फळ्यावर ड्युटीची यादी लावायचे. त्या यादीत हुद्दा चालत नसे. बँकेतले मॅनेजर भांडी घासायला, आणि शाळेत शिपाई असलेले काका लिलाव पुकारायला, कारण त्यांच्यासारखा आवाज मंडळीत दुसऱ्या कुणाचा नव्हता. "मला नाही जमायचं," असं कुणी म्हटलंच तर काका शांतपणे म्हणत, "बरं, मग चपला सांभाळा." चपलांची ड्युटी कुणालाच नको असायची, त्यामुळे सगळ्यांना सगळं जमायचं. रुसवेफुगवेही व्हायचे. रश्शात मीठ कुणी घालायचं यावरून भगिनी मंडळात दोन तट होते, आणि हे तट मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीपर्यंत टिकायचे. सेवा म्हटलं की माणसं एकदम गोड होतात, असं मी तरी पाहिलेलं नाही.

शनिवारी रात्री आम्ही तरुण संघातल्या मुली मागच्या अंगणात कांदे सोलायला बसायचो. पहाटे चुली पेटायच्या. मटणाचा रस्सा, भात, बुंदी, आणि न खाणाऱ्यांसाठी वेगळ्या पातेल्यात वांगं-बटाटा. पाळकीणबाई, म्हणजे चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, तळहातावर रश्शाचा थेंब घेऊन, डोळे मिटून चाखायच्या आणि म्हणायच्या, "हळद कच्ची लागतेय गं अजून." मग पुन्हा चुलीत लाकूड सरकवायचं.

उपासना चालू असायची ती आम्हाला स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकू यायची. पाळकसाहेबांच्या उपदेशात मार्था आणि मरीया हमखास यायच्या. येशूच्या पायाशी बसून ऐकणारी मरीया, आणि पाहुणचाराच्या कामाने बेजार झालेली मार्था. येशूने मरीयेची बाजू घेतली, हे लूकच्या शुभवर्तमानात लिहिलेलंच आहे. पण भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवता ठेवता आमच्या एक मावशी दरवर्षी म्हणायच्या, "सगळ्याच मरीया झाल्या तर एक वाजता पंगतीला वाढायचं काय, स्तोत्रं?" मी मावशींच्या पक्षातली.

लिलावाला आजूबाजूच्या वाड्यांतली माणसंही यायची. त्यांना चहा देणं तरुण संघाच्या मुलांकडे. कुणी पाहुणा संकोचला की पेटीवाले काका म्हणायचे, "घ्या हो, प्रायश्चित्त नाही पडणार!" जवळच्याच पंच हौद मिशनमध्ये १८९० साली चहापानाला गेलेल्या मंडळींत टिळक आणि रानडेही होते, ख्रिस्त्यांकडचा चहा घेतला म्हणून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, माजलं आणि प्रायश्चित्ताचं प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. पेठेतल्या जुन्या माणसांना ही गोष्ट पाठ, त्यामुळे विनोद समजावून सांगावा लागत नसे. पाहुणे हसत हसत दुसरा कपही घ्यायचे.

लिलाव म्हणजे नुसती गंमत. शिपाईकाका भोपळा खांद्यावर घेऊन उभे राहत. "पन्नास एक वार... पन्नास दोन वार... अहो, एवढ्यात तर मंडईत देठसुद्धा मिळत नाही!" मग कुणीतरी साठ म्हणायचं. ज्याने घेतला तो पैसे मोजून भोपळा परत वेदीपाशी ठेवायचा: "पुन्हा लावा, आमच्याकडून." असा एकच भोपळा तीन-तीनदा विकला जाई. एका वर्षी एका आजींनी चार अंडी आणली होती, फडक्यात गुंडाळून. पहिलं अंडं भांडी घासणाऱ्या मॅनेजरसाहेबांनी ओल्या हातानेच बोली लावून घेतलं, एका कोंबडीच्या किमतीला. आजी बाकावरून ओरडल्या, "अरे, फसलास! एवढ्यात मी तुला कोंबडी दिली असती." देऊळभर हशा. उरलेली तीन अंडीही त्याच भावाने गेली.

विक्रीतून राखून ठेवलेलं धान्य घेऊन पुढे एका शनिवारी आम्ही दौंडकडच्या गाडीने केडगावला जायचो, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये. १८९० च्या दशकातल्या दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींना रमाबाईंनी तिथे आणलं. नुसतं जेवू घालून थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, छपाई शिकवली. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलेलं बायबल तिथल्याच छापखान्यात छापलं गेलं. आम्ही पोतं खांद्यावरून उतरवून जरा ऐटीत उभ्या राहायचो, आणि तिथल्या एक बाई आमच्याच हातात खराटा द्यायच्या: "आलात ना? मग अंगण घ्या झाडून." पुण्याच्या मुलींचं झाडणं त्यांना कधीच पसंत पडलं नाही.

मध्यंतरी मंडळीत नवी कमिटी आली आणि स्वयंपाक कॅटररला दिला. विचार वाईट नव्हता. बायकांनीही उपासनेला बसावं, असंच त्यांचं म्हणणं होतं. त्या दिवशी भगिनी मंडळ पहिल्यांदाच इस्त्रीच्या साड्यांत पुढच्या बाकांवर बसलं. शेवटचं गीत संपलं, आशीर्वाद झाला, आणि पंगत बसायच्या आत पदर खोचून सगळ्या जणी मागच्या दारी. कॅटररची पोरं वाढायला सज्ज होती. मावशींनी त्यांच्या हातातल्या पळ्या काढून घेतल्या आणि म्हणाल्या, "पहाटेपासून उभे आहात ना रे? बसा आधी." पहिली पंगत त्या पोरांचीच झाली. एकाने रस्सा दोनदा मागून घेतला, स्वतःच केलेला.