आट्यांच्या दरीतले दीड मायक्रॉन

आज सकाळी एका ग्राहकाचा फोन आला. "मॅडम, एसईएमचा फोटो आहे ना तुमच्याकडे? मग त्यावरूनच खडबडीतपणाचा आकडा टाका रिपोर्टात." मी नाही म्हटलं. ही मागणी वरचेवर येते, म्हणून इथे लिहून ठेवते.

टायटॅनियमच्या दंत-इम्प्लांटचा, म्हणजे जबड्यात बसवायच्या स्क्रूचा, एसईएम (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) फोटो फार देखणा येतो. सँडब्लास्टिंगने पडलेले मोठे खळगे, आणि त्यांच्या पोटात ॲसिडने कोरलेले इवले इवले खड्डे. पण एका फोटोत उंची नसते. खळगा आहे एवढं दिसतं, किती खोल ते नाही. त्यासाठी मी कॉन्फोकल मायक्रोस्कोप वापरते. त्यात फोकस एकेक पायरी वर सरकतो आणि जो बिंदू ज्या पायरीला सगळ्यात लख्ख दिसतो, ती त्याची उंची.

तरी आकडा चुकू शकतोच. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका स्क्रूच्या दोन आट्यांमधली दरी मोजली. एसए, म्हणजे पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा, आला २.१ मायक्रॉन. रिपोर्ट टाइपही करून झाला होता. सरांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "गोलाई काढलीस का?"

काढली नव्हती. चार मिलिमीटर व्यासाच्या स्क्रूवर ०.३ मिलिमीटर रुंदीचा तुकडा पाहिला, तर नुसत्या गोलाईनेच कडा मध्यापेक्षा साडेपाच मायक्रॉन खाली जातात. मी पृष्ठभागाबरोबर स्क्रूचा आकारही मोजत होते! गोलाई वजा केली, मोठे लाटांसारखे चढउतार गाळणारा फिल्टर लावला, आकडा १.५ वर आला. स्वीडनच्या ॲन वेनरबर्ग आणि टोमास अल्ब्रेक्टसन यांच्या वर्गवारीत १ ते २ म्हणजे मध्यम खडबडीत, हाडाला चांगली पकड देणारा. २ च्या वर तो वर्गच बदलतो. माझ्या हातून एक चांगला लॉट नापास झाला असता. तो २.१ मी अजून विसरलेले नाही.

तेव्हापासून रिपोर्टात आकड्याशेजारी लेन्स, मोजलेलं क्षेत्र आणि फिल्टर लिहिल्याशिवाय मी सही करत नाही. फिल्टर बदलला की त्याच जागेचा आकडा बदलतो, मग दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवणार कसे? आट्याचं शिखर, उतार आणि दरी मी वेगवेगळी मोजते. उतारावर सगळ्यात जास्त वेळ जातो. तिथून प्रकाश लेन्सकडे परत येत नाही, नकाशात काळी भोकं पडतात. सॉफ्टवेअर ती आपल्या अंदाजाने भरून देतं, पण ते बटण मी दाबत नाही. स्क्रू तिरका बसवून पुन्हा मोजते. अर्धा तास जातो, जाऊ दे. तो स्क्रू कुणाच्या तरी जबड्यात बसणार आहे.

ग्राहकाला शेवटी सांगितलं, एकाच लॉटचे तीन स्क्रू पाठवा, पाकीट न फोडता. बोटाचा तेलकटपणा त्या खड्ड्यांत बसला, तर मी टायटॅनियम नाही, तेल मोजेन. गुरुवारी येतायत.