तुम्ही विचारलंत म्हणून: तपासूनही चूक राहतेच कशी?

गणपतीत घरी येणारे पाहुणे विचारतात, करी रोडला गाडीची वाट बघताना शेजारच्या वहिनी विचारतात, परवा भाचीनेही विचारलं. "तुम्ही लोक महिना महिना तपासत बसता ना? मग ॲप अपडेट केलं की बिघडतं कसं? नेमकं तपासता तरी काय?" बावीस वर्षं अंधेरीला सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करतेय, आणि या प्रश्नाचं उत्तर सुरू करेपर्यंत दादर येतं आणि उतरायचं असतं. म्हणून आज नीट बसून लिहितेय.

सगळं तपासलेलं नसतं, हे आधी कबूल करते. सगळं तपासताच येत नाही. एक फॉर्म घ्या. दहा रकाने, प्रत्येकात निवडायला चार पर्याय. हा फॉर्म १०,४८,५७६ प्रकारांनी भरता येतो. एकेका प्रकाराला एक मिनिट धरलं आणि रात्रंदिवस कुणीतरी भरत बसलं, तरी दोन वर्षांना जेमतेम दोन दिवस कमी लागतील. आणि आमच्याकडे बिल्ड, म्हणजे तपासायची नवी प्रत, सोमवारी येते नि रिलीज, म्हणजे ती लोकांच्या हाती देणं, शुक्रवारी असते. डाइक्स्ट्रा नावाचे डच संगणकशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७०च्या सुमारासच सांगून ठेवलंय की टेस्टिंगमधून चूक आहे एवढंच दाखवता येतं, चूक नाही हे कधीच दाखवता येत नाही.

म्हणजे साडेदहा लाखांतून शंभर-दोनशे उचलायचे. कोणते उचलायचे, हे ठरवणं म्हणजे माझं काम. माऊस कुणीही दाबेल.

हे मला शिकवलं एका काकूंनी. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. एका पतपेढीसाठी आम्ही ठेवींचं सॉफ्टवेअर केलं होतं. ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जास्त व्याज, वय ६० पूर्ण पाहिजे. मी मनापासून तपासलं होतं. ४५ वर्षांच्या माणसाची ठेव घातली, ३८ची घातली, २९ची घातली, ७० आणि ७८ वर्षांच्या आजोबांची घातली. सगळ्यांचं व्याज कॅल्क्युलेटरवर ताडून बघितलं, पैशापर्यंत बरोबर. टिक, टिक, टिक. मी सही केली.

वर्षभराने पतपेढीतून फोन आला, मला तिथे पाठवलं. काउंटरच्या अलीकडे एक काकू बसल्या होत्या, हातात कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे केलेला हिशेब. त्यांनी मुद्दाम साठावा वाढदिवस होईपर्यंत पैसे थांबवले होते आणि नंतर दोन लाखांची ठेव ठेवली होती. हातात हजार रुपये कमी आले. काउंटरवरचा मुलगा म्हणत होता, "काकू, कॉम्प्युटर चुकत नाही." काकूंनी ते पान माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "बाळ, तूच बघ. माझं कुठे चुकतंय?"

त्यांचं कुठेच चुकत नव्हतं. प्रोग्रॅममध्ये 'वय ६० किंवा त्याहून जास्त' लिहायच्या ऐवजी 'वय ६०पेक्षा जास्त' लिहिलं गेलं होतं. एका चिन्हाचा फरक. साठावं पूर्ण झालेल्या पण एकसष्टावं पूर्ण न झालेल्या प्रत्येक ठेवीदाराला कमी व्याज लागत होतं. नंतर जुन्या पावत्या काढल्या तेव्हा आणखी माणसं सापडली. त्यांच्यातल्या कुणी हिशेबच केला नव्हता, पतपेढी देईल ते बरोबर म्हणून घेऊन गेली होती. त्या सगळ्यांना पैसे मिळाले, पण त्या दिवशी लोकलमध्ये मला रडू आलं होतं.

आता बघा, मी केलेल्या पाच टेस्ट खरं तर दोनच होत्या. ४५, ३८ आणि २९ हा एकच गठ्ठा. साठच्या खालचं कुठलंही वय घ्या, प्रोग्रॅम त्याच वाटेने जातो. ७० आणि ७८ हा दुसरा. एका गठ्ठ्यातून एक उचलला की पुरतं. उरलेला वेळ द्यायचा तो कुंपणाला, म्हणजे ५९, ६० आणि ६१ला. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी काय होतं, त्याच दिवशी काय होतं? २९ फेब्रुवारीला जन्मलेल्या माणसाचं साठावं वर्ष ज्या वर्षी पूर्ण होतं ते लीप वर्षच असतं, पण त्याची बासष्टी? चूक कुंपणापाशी सापडते, कारण 'पर्यंत', 'पासून', 'आत' हे शब्द बोलताना आपण सैल वापरतो आणि यंत्राला सैल चालत नाही. "दहा तारखेपर्यंत भरा" यात दहा तारीख धरायची की नाही, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एकट्याने ठरवलेलं असतं. म्हणून मी कोड येण्याच्याही आधी, मागणीचा कागद वाचतानाच या शब्दांखाली रेघ मारते आणि फोन करून विचारते. निम्म्या चुका तिथेच मिटतात.

त्या प्रकरणात आणखी एक गोष्ट होती, ती कळायला मला काही वर्षं गेली. तपासताना प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ एकदा तरी चालली का, हे मोजायची साधनं असतात. त्याला कव्हरेज म्हणतात, आणि मीटिंगमध्ये तो आकडा फार मिरवला जातो. माझ्या ४५ आणि ७०च्या टेस्टनी व्याजाच्या त्या भागातली प्रत्येक ओळ चालवली होती. कव्हरेज शंभर टक्के आणि चूक जागच्या जागी! ओळ चालली याचा अर्थ ती तपासली गेली असा होत नाही. मग टेस्ट चांगल्या आहेत हे ओळखायचं कसं? १९७८मध्ये डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड या तिघांनी एक युक्ती मांडली, तिला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात. चांगल्या प्रोग्रॅममध्ये आपणच मुद्दाम बारीक चूक करून ठेवायची. अधिकच्या जागी उणे, 'किंवा त्याहून जास्त'च्या जागी नुसतं 'जास्त'. मग आपल्या सगळ्या टेस्ट चालवायच्या. एकही टेस्ट ओरडली नाही, तर दोष टेस्टमध्ये आहे. माझ्या त्या पाच टेस्टवर हा प्रयोग केला असता तर पाचही गप्प बसल्या असत्या. मला ही कल्पना फार आवडते. इथे तपासणाऱ्याचीच परीक्षा होते, आणि ती व्हायलाच हवी.

साडेदहा लाख प्रकारांचं काय, तेही सांगते. बहुतेक बिघाड एका रकान्यामुळे किंवा दोन रकान्यांच्या जोडीमुळे होतात. पाच-सहा गोष्टी एकदम जुळल्यावरच होणारा बिघाड क्वचित. म्हणून कोणत्याही दोन रकान्यांतल्या पर्यायांची प्रत्येक जोडी कुठे ना कुठे एकदा येईल असे फॉर्म निवडायचे. त्या दहा रकान्यांच्या फॉर्मसाठी असे चाळिसाच्या आत फॉर्म पुरतात. ते एका दुपारी भरून होतात. ही निवड करून देणारी साधनं फुकट मिळतात, तरी कितीतरी टीम अजून मनाला येईल तसे फॉर्म भरत बसतात, याचं वाईट वाटतं.

पण रकाने नीट भरले म्हणजे झालं असंही नाही. कोणत्या क्रमाने आणि किती वेगाने भरले, यानेही फरक पडतो. थेराक-२५ नावाचं कॅन्सरवरच्या रेडिएशनचं यंत्र होतं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा दिली, त्यातले काही दगावले. टेक्सासमधल्या टायलर गावच्या हॉस्पिटलात ऑपरेटर 'ई'च्या (इलेक्ट्रॉन किरण) जागी चुकून 'एक्स' (क्ष-किरण) दाबायची आणि लगेच वर जाऊन दुरुस्त करायची. हात बसलेला, सगळं आठ सेकंदांच्या आत. पडद्यावर दुरुस्ती दिसायची, आत यंत्राच्या मांडणीत ती पोचलेलीच नसायची. कंपनीच्या माणसांना काही सापडेना. शेवटी तिथला भौतिकशास्त्रज्ञ आणि ती ऑपरेटर दोघं यंत्रापाशी बसली आणि तेच पुन्हा पुन्हा करत राहिली, जितक्या वेगाने ती रोज करायची तितक्या वेगाने, तेव्हा बिघाड हाती लागला. सावकाश, जपून टाइप करणाऱ्या माणसाला तो दिसलाच नसता.

हे वाचल्यापासून मी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस तरी प्रत्यक्ष काउंटरमागे जाऊन उभी राहते. पंधरा वर्षं तेच काम करणाऱ्या बाई पडद्याकडे बघतही नाहीत. समोरच्याशी बोलता बोलता टॅब, टॅब, एंटर, एंटर. पावती छापायला वेळ लागला की पुन्हा एंटर. दोन पावत्या निघतात का? माझ्या टेबलावर बसून मला हे सुचलं नसतं.

आपल्या भाषेचंही एक कुंपण असतं. 'लक्ष्मी' हे नाव घ्या. डोळ्याला दोन अक्षरं. संगणकाच्या लेखी ल, क, हलन्त, ष, हलन्त, म आणि दीर्घ वेलांटी अशी सात चिन्हं, आणि आज सर्रास चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे एकवीस. जुन्या प्रणालीत नावाचा रकाना वीस बाइटचा असला, तर इंग्रजी वीस अक्षरं आरामात बसतात आणि आपली लक्ष्मी मात्र पावतीवर वेलांटी तुटून येते, शेवटी एक काळा चौकोन. मी टेस्टसाठी लक्ष्मी, ज्ञानेश्वर, क्षितिज अशीच नावं वापरते. 'एबीसी' आणि 'टेस्ट वन' घालून तपासणाऱ्या मुलांना मी प्रेमाने पण ठामपणे थांबवते.

आता तुमच्याकडून एक हवंय. गेल्या महिन्यात चाळीतले काका फोन घेऊन आले. "बिल भरायचं ॲप चालत नाही गं." मी विचारलं, कुठपर्यंत चालतं? रक्कम टाकेपर्यंत. सगळ्याच रकमांना? हो. काकूंच्या फोनवर? तिथे चालतं. फोन दोघांचे एकाच कंपनीचे, ॲपची आवृत्तीही तीच. मग मी दोन्ही फोन शेजारी ठेवले आणि एकेक फरक काढत गेले. आधी काकांच्या फोनवर वायफाय बंद केलं, तसंच. कीबोर्ड बदलला, तसंच. दर वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. शेवटी काकांच्या फोनची भाषा मराठी होती, ती इंग्रजी केली. बिल भरलं गेलं. परत मराठी केली, अडलं. मराठी फोनवर ॲप रक्कम देवनागरी आकड्यांत मांडत होतं आणि पुढच्या पायरीवर स्वतःच मांडलेले ते आकडे त्याला वाचता येत नव्हते. वीस मिनिटं लागली. मी ते त्या कंपनीला चार ओळींत कळवलं: फोनची भाषा मराठी ठेवा, अमुक पान उघडा, रक्कम टाका, पुढे जा.

तेव्हा तुमचं काही अडलं तर 'चालत नाही' एवढ्यावर सोडू नका. आधी काय केलं, नंतर काय दाबलं, फोन कोणता, त्याची भाषा कोणती, पडद्यावर अक्षरशः काय लिहून आलं, हे कळवा. स्क्रीनशॉट काढा. कुणीतरी ते वाचत असतं. काकांच्या ॲपची नवी आवृत्ती काल आली, त्यांनी फोन पुन्हा मराठी केलाय आणि या महिन्याचं बिल दहा तारखेच्या आत भरलंय.